नेमका मारा



आज आम्ही कॅन्सरवरच्या एका नव्या उपायाची माहिती सांगणार आहोत. कॅन्सरवर शस्त्रक्रिया करतात, औषधे देतात, किरणही देतात. किरणांच्या उपायाला आपल्याकडे 'शेक देणे' म्हणतात.

नेहमीचा शेक क्ष-किरणांचा असतो. हे किरण अंगातून आरपार जातात. गाठ मरते, पण तिच्या मागचा-पुढचा चांगला भागही थोडा दुखावतो. द्राक्षबागेत फवारा मारला की औषध आजूबाजूलाही उडते ना, तसेच हे. डॉक्टर निरनिराळ्या बाजूंनी शेक देऊन ही इजा कमी करतात. पण गाठ डोळ्याजवळ असेल तर? रोगी लहान मूल असेल तर? त्याचे अंग अजून वाढायचे असते. तिथे थोडी इजाही महाग पडते.

अशा वेळी प्रोटॉन कामाला येतो. प्रोटॉन हा अणूच्या पोटातला अगदी बारीक कण. तो वेगाने सोडला की अंगात शिरतो आणि ठरलेल्या खोलीवर थांबतो. थांबताना सर्वांत जास्त मारा तिथेच करतो. पुढे जात नाही. ठिबकचे पाणी मुळाशी पडते, तसा हा मारा गाठीवर पडतो.

प्रोटॉनला वेग कसा द्यायचा? झोपाळ्याला आपण वेळ साधून धक्का देतो. दर धक्क्याला झोका वाढतो. प्रोटॉनला असेच विजेचे धक्के देतात. काही यंत्रांत तो गोल फिरतो. काही यंत्रांत सरळ नळीतून धावतो आणि वाटेत धक्के खातो.

सरळ नळीचे एक यंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उभारले आहे. 2023 साली त्याने प्रोटॉनला 2 कोटी व्होल्टचा जोर दिला. हे यंत्र संशोधनासाठी आहे. एवढ्या जोराचा प्रोटॉन अंगात अर्धा सेंटीमीटरही जात नाही. खोल गाठीपर्यंत, म्हणजे 30 सेंटीमीटर जायला 20 कोटींहून जास्त जोर लागतो. युरोपात सरळ नळीची अशी मोठी यंत्रे उपचारासाठी बनवीत आहेत. त्यांत विजेचे धक्के कमी-जास्त करून मारा किती खोल जावा, हे झटकन बदलता येते.

पण उपचारासाठी तोवर थांबायला नको. टाटा रुग्णालयाच्या खारघर केंद्रात गोल फिरवणाऱ्या यंत्राने प्रोटॉनचा शेक 2023 पासून देतात. आपल्या नाशिकहून मुंबईच्या वाटेने तिथे जाता येते.

आता मुख्य गोष्ट ऐका. प्रोटॉन सगळ्यांना लागत नाही. पुष्कळ रोग्यांना नेहमीचा शेक पुरतो. त्याची सोय नाशिक शहरातही आहे. कोणाला काय द्यायचे, ते डॉक्टर ठरवतील. वेळेवर जाणे मात्र आपल्या हाती आहे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेले, तर घरात बसू नका. दुखत नाही म्हणून टाळू नका. तंबाखू, मिश्री सोडा.

आणखी एक. कॅन्सर शिवल्याने होत नाही. यंत्राचा शेक घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरण उरत नाहीत. त्याचे ताट वेगळे मांडू नका, बरं का! त्याला पंगतीत बसवा.