जुन्या डबड्यावर काय होणार?

आज चेसच्या जुन्या प्रोग्रामबद्दल बोलू, आणि थोडं माझ्या एका मूर्खपणाबद्दल.

मागच्या वर्षी एका छोट्या स्पर्धेत मी मदतीला होतो. डाव चालू असताना एक मुलगा सारखा बाथरूमला जात होता. खिशात फोन सापडला. स्क्रीनला तडा, सिमकार्ड नाही, नेट नाही, आणि त्यात चेसचं एक जुनं फुकटचं ॲप. पंच काकांनी मला विचारलं, "तू इंजिनिअर ना रे? यावर काही होतं का?" मी हसलो. म्हटलं, "काका, या डबड्यावर काय होणार? नवं स्टॉकफिश असतं तर गोष्ट वेगळी."

मुलाला समज देऊन सोडलं, निकाल कायम. त्याच्याशी हरलेली मुलगी मुकाट्याने पट आवरत होती.

रात्री सहज वाचायला बसलो आणि पोटात गोळा आला.

१९९७ ला न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लूने कास्पारोवला ३.५-२.५ ने हरवलं, हे आपल्याला माहीत असतं. ते मशीन सेकंदाला साधारण २० कोटी पोझिशन तपासायचं. त्यासाठी खास बनवलेल्या ४८० चिप होत्या. आता २००९ ला या. ब्युनोस आयर्सच्या स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम खेळला, एका साध्या एचटीसी फोनवर. १० डावांत ९.५ गुण! जगातले पहिले दहा तिथे नव्हते, मान्य. पण फोन सेकंदाला २० हजारसुद्धा पोझिशन बघत नव्हता. म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजारांश!

कसं काय? आजी मंडईत प्रत्येक जुडी उलटून बघते का? नाही, नजर टाकते आणि नको त्या सोडून देते. प्रोग्रामचंही तेच. फालतू चाली लवकर सोडायच्या आणि उरलेल्यांत खोल जायचं. डीप ब्लूही काही चाली सोडायचं, पण पुढच्या प्रोग्रामची नजर जास्त तयार झाली.

मग जुना प्रोग्राम नव्यापुढे टिकतो का? छे! २०१७ मध्ये अल्फाझीरोने स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत, हार शून्य. २०२० ला स्टॉकफिश १२ मध्ये न्यूरल नेटवर्क आलं आणि तेही आणखी पुढे गेलं. माझा गोंधळ इथेच झाला. नव्यापुढे जुना मार खातो, म्हणून मी त्याला कच्चा समजलो. पण तो आपल्यापुढे कच्चा नसतो ना! पोहता न येणाऱ्याला विहीर वीस फूट काय नि दोनशे फूट काय.

क्रॅमनिक आठवा. २००६, बॉन, जगज्जेता माणूस. साध्या कॉम्प्युटरवरच्या डीप फ्रिट्झकडून ४-२ ने हरला, आणि एका डावात तर एका चालीतली मात दिसली नाही त्याला.

आणि इंजिनांचं ३६०० वगैरे रेटिंग कार्लसनच्या २८८२ शेजारी ठेवू नका. इंजिनं आपापसात खेळून ते आकडे मिळवतात, यादीच वेगळी.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून सगळं सांगितलं. मुलाने ॲप उघडलं होतं की नाही, हे आता कळणार नाही, पण "काही होत नाही" हे मी बोललो होतो. काका म्हणाले, "बक्षिसं वाटून झाली रे."

यंदा दारातच फोन जमा करायची पिशवी आहे, जुने फोनसुद्धा त्यातच. मी नावांची यादी पाहिली. त्या मुलीचं नाव नाही.