शाळेने न दिलेले उत्तर

(नवी मुंबईतील एका बुद्धविहारात पालकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपणांपैकी अनेक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. मुलांना शिकवावयाचे, हा आपला निर्धार मात्र दीक्षेच्याही आधीचा आहे. घणसोली-तुर्भ्याच्या वस्तीतून पहाटे कामास निघणारी माता पोटाला चिमटा घेईल, पण मुलाची शाळा चुकू देणार नाही. तेव्हा त्या शाळेत मुलांवर कोणते प्रसंग येतात, हे विचारण्याचा पहिला अधिकार तुमचा आहे. ज्यांच्याविषयी आपल्या घरांत कोणी बोलत नाही, अशा मुलांविषयी मी आज बोलणार आहे. मुलाला मुलाविषयी किंवा मुलीला मुलीविषयी प्रेम वाटते, अशी ही मुले. त्यांस समलिंगी म्हणतात.

प्रथम माझाच अपराध सांगतो. मी याच शहरात पुष्कळ वर्षे शिक्षक होतो. नववीतल्या एका मुलास वर्गातील पोरे ‘बायल्या’ म्हणून हिणवीत, त्याच्या वह्या लपवीत, डब्यात माती टाकीत. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, “सर, माझ्यासारखी माणसे आणखी असतात का?” त्यास काय विचारावयाचे होते, ते मला पुरते कळले होते. तरी मी म्हणालो, “अभ्यासाकडे लक्ष दे.” दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी जाऊन चौकशी करण्याचेही धैर्य मला झाले नाही.

पुढे वाचनात आले की, हाच प्रश्न घेऊन बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले होते! गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे हे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवीत. वाचक आपल्या लैंगिक शंका लिहून पाठवीत आणि मासिकात त्यांना उत्तरे मिळत. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही असत. या उत्तरांबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. विषय लैंगिक आहे एवढ्यानेच लिखाण अश्लील कसे ठरते, आणि वाचक शंका विचारीत असेल तर तिचे निरसन का करू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. हॅवलॉक एलिस या शास्त्रज्ञाच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या पुढाऱ्यास असल्या बदनाम खटल्यात पडण्याची काय गरज होती? परंतु ज्यास स्वतःला शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्यास कोणत्याही माणसाच्या प्रश्नाची लाज वाटली नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्या. अस्पृश्य म्हणून हिणविलेले मूल संध्याकाळी घरी परतले की, त्याची आई तेच दुःख भोगलेली असे. ती त्यास पोटाशी धरी. समलिंगी मुलास हा आसराही नाही. शाळेत ज्या शब्दाने त्यास डिवचले, तोच शब्द त्याचा बाप जेवताना हसत उच्चारतो. मुलीची अवस्था तर त्याहून बिकट! तिचे मन कोठे आहे हे कळण्यापूर्वीच तिच्यासाठी स्थळे पाहिली जातात. म्हणून शिक्षकाच्या एका वाक्याचे मोल या मुलांना फार असते.

काही उपासक तिसरे शील पुढे करतात. माझ्या मते ते शील दुसऱ्याचा घात करणाऱ्या कामाचाराविरुद्ध आहे. कोणावर प्रेम जडावे याचा तो नियम नव्हे. इतर काही म्हणतात की, हे वर्गात सांगितले तर मुले बिघडतील. ऐकून कोणी समलिंगी होत नाही. हा आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच रोगांच्या यादीतून तो काढला. तेव्हा मुलास ‘बरे’ करण्यासाठी बाबा-बुवाकडे किंवा डॉक्टरकडे फरफटत नेऊ नका. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. तो निकाल ज्या संविधानिक नीतिमत्तेवर उभा आहे, तिच्याविषयी बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलले होते.

शाळा मात्र मागेच राहिली. २००७ साली आमदारांनी गदारोळ केला आणि महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षण थांबविले. २०२१ साली तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. आक्षेप येताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून काढण्यात आली. महाविद्यालयात लैंगिक कलावरून छळणे हे २०१६ पासून रॅगिंग मानले जाते. पण तो नियम उच्च शिक्षणाचा. नववीतला मुलगा महाविद्यालयापर्यंत पोहोचला तर त्यास त्याचा उपयोग!

मग आपल्या हाती काय आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने महापालिकेच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपण तेथे गणवेश आणि खिचडी यांविषयी बोलतो, बोलावेच. त्याच बैठकीत उभे राहून विचारा की, ‘बायल्या’ म्हणून मुलास छळले तर शाळा ते जातिवाचक शिवीइतकेच गंभीर मानते काय? शिक्षकांस याविषयी कोणी काही शिकविले आहे काय? मुलाने एकांतात प्रश्न विचारला, तर उत्तर देणारी व्यक्ती शाळेत कोण आहे, तिचे नाव सांगा. मुख्याध्यापक गप्प बसले, तर प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावयास लावा आणि खाली सही करा. एकटीने बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर वस्तीतल्या दोघी-तिघींनी मिळून जावे. पुढील बैठक केव्हा आहे, हे उद्या मुलास सोडावयास जाल तेव्हाच शाळेत विचारून या.