दाढेचे दुखणे : लवंग आणि चांदी



ऋण, व्रण आणि अग्नी हे अल्प असतानाच आवरावेत, ही शिकवण येथील प्रत्येक घराला परिचित आहे. किडलेली दाढ हा मुखातील व्रणच होय. मात्र इतर व्रणांहून तो एका बाबतीत वेगळा आहे. हातावरची जखम काळाने भरून येते. दाढेला पडलेले भोक आपोआप कधीच भरत नाही. दातदुखीच्या प्रत्येक उपायाची पारख या एका सत्यावर करावी लागते.

मराठीत दाताला ‘कीड लागली’ असे म्हणतात. आयुर्वेदात या विकारास ‘कृमिदंत’ हे नाव आहे. दातात खरोखरीच किडा असतो या समजुतीने खेड्यापाड्यांत रिंगणीच्या बियांची धुरी देण्यात येत असे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात किड्याची ही कल्पना नाकारली. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेचे व पिष्टमय अन्नाचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल दात झिजविते, हे पुढे सिद्ध झाले.

एनॅमल हे दाताचे वरचे कवच म्हणजे मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य; पण त्यात संवेदना नाही. म्हणून कीड कवचात असेतोवर मनुष्यास काहीच कळत नाही. ती आतील थरात उतरली की थंड व गोड लागताच कळ येते. गाभ्यातील मज्जेपर्यंत ती पोहोचली की दाढ रात्री-अपरात्री ठणकू लागते. मज्जा सुजते, परंतु सभोवतीच्या कठीण कवचामुळे सुजेला पसरण्यास जागा नसते. आडवे होताच डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका असह्य होतो.

अशा रात्री घरातील वडीलधारी मंडळी लवंग आणतात. हा उपाय निव्वळ समजुतीचा नव्हे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य वेदना बधिर करते आणि जस्ताच्या भस्माबरोबर कालवून दंतवैद्यही ते तात्पुरते भरण्यासाठी वापरतात. लवंगेच्या तेलाचे एक-दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो दुखऱ्या दाढेवर धरावा. हिरडीस व जिभेस तेल लागू देऊ नये, कारण ते पोळते. लहान मुलांना तर हे तेल देऊच नये. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात, दातांच्या फटीत अडकलेले अन्न दोऱ्याने हलके काढावे, गालावर बाहेरून थंड पट्टी ठेवावी आणि उशी उंच घ्यावी. वेदनाशामक गोळी घ्यावयाची झाल्यास मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

काही उपाय मात्र अपायकारक आहेत. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास तेथील त्वचा भाजते. मिश्री लावल्याने ठणका थांबतो म्हणून अनेक माता-भगिनींना तिची सवय जडली. ती भाजलेली तंबाखू असून मुखाच्या कर्करोगास निमंत्रण देते. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकांनीही भोक बुजत नाही.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर घरगुती उपाय म्हणजे मुदत वाढवून घेणे. मुद्दल फेडणे नव्हे. खरा धोका पुढेच असतो. चार-आठ दिवस ठणकणारी दाढ एके दिवशी अचानक शांत होते आणि घरातील सर्वांना वाटते की गुण आला. अनेकदा मज्जा मृत झाल्यामुळे ही शांतता आलेली असते. जंतू मुळाखाली आपले काम करीत राहतात व तेथे पू साठतो. गालास किंवा मानेस सूज, ताप, तोंड उघडण्यास वा गिळण्यास त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा संसर्गाने प्राणावर बेतू शकते. मधुमेहींनी तर विशेष जपावे.

कीड मज्जेपर्यंत जाण्यापूर्वी दाढ भरून घेणे, हे मुद्दल फेडणे होय. दंतवैद्य किडलेला भाग कोरून काढतात व ती जागा भरतात. जुन्या पिढीची ‘चांदी’ म्हणजे चांदी, कथील व तांबे यांचे पाऱ्यातील मिश्रण. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. आता दाताच्या रंगाचे कंपोझिट भरतात व निळ्या प्रकाशाने ते काही सेकंदांत घट्ट होते. ग्लास आयोनोमर हे सिमेंट दातास फ्लोराइडही पुरविते. सुईने जागा बधिर करण्यासाठी वापरले जाणारे लिडोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. त्यामुळे खुर्चीची पूर्वीची धास्ती आज अनाठायी आहे. भरल्यानंतर काही दिवस थंड लागल्यास कळ येऊ शकते. चावताना दाढ उंच वाटल्यास पुन्हा जाऊन घासून घ्यावी. भरलेल्या दाढेच्या कडेनेही कीड शिरते, म्हणून वर्षातून एकदा तरी तपासणी आवश्यक.

विलंब केल्यास रूट कॅनाल व त्यावर टोपी, आणि त्याहूनही विलंब केल्यास दाढ काढणे, असा खर्च व क्लेश वाढत जातो.

चौविहार पाळणाऱ्या घरांस एक सोय सहज लाभलेली आहे. निद्रेत लाळ कमी सुटते. त्या वेळी दातांवर अन्न नसणे हितकारक. मात्र पच्चक्खाण घेण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात स्वच्छ घासलेले असावेत, अन्यथा सायंकाळच्या भोजनाचे कण रात्रभर तेथेच राहतात.

लवंगेने रात्र निभवावी. सकाळ उजाडताच दंतवैद्याची पायरी चढावी. घरातील ज्येष्ठांनी ‘आता दुखत नाही’ असे म्हटले, तरी मुला-सुनांनी त्यांना घेऊन जावेच.

जय जिनेंद्र!