कुरकुर आणि गाऱ्हाणे
(हुपरी येथे उपकारस्तुतीच्या उपासनेत केलेले भाषण)



मी याच गावचा. लहानपणी आमच्या सोप्यात आई आणि शेजारच्या मावश्या पैंजणांना घुंगरू लावत बसायच्या आणि बोलण्यात चांदीचा दर असायचाच. दर चढला की भांडवल पुरत नाही म्हणून कुरकुर, उतरला की घरातल्या मालात तोटा आला म्हणून कुरकुर. दर जागेवर राहिला तर बाजार थंड आहे म्हणून! तुम्ही हसताय, पण आम्ही सेवाकार्यातली माणसे यात मागे नाही. आज मी माझीच एक कुरकुर तुमच्यापुढे कबूल करणार आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर चादरी वाटायला गेलो. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. पुढे जंगल हातचे गेले. आज महाराष्ट्रातल्या ज्या ३ जमातींना शासन विशेष दुर्बल मानते, त्यांतली ही एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. दिवाळीनंतर वाडी अर्धी रिकामी होते. आपल्याकडे कारखान्याच्या हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात ना, तशीच ही जोडपी उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मागे राहतात म्हातारी माणसे, त्यांच्याजवळ ठेवलेली काही नातवंडे आणि कुत्री.

आम्ही चादरी दिल्या. लोकांनी घेतल्या आणि घरात गेले. कोणी हात जोडले नाहीत, कोणी दोन शब्द बोलले नाहीत. एका आजीने तर चादर उलटसुलट करून पाहिली आणि “पातळ आहे,” म्हणाली. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी तासभर बोलत होतो. या लोकांना जाणीव नाही, देणाऱ्यांनी पोटाला चिमटा काढून दिले आहे, वगैरे. सोबतचे वयस्कर बंधू गप्प होते. शेवटी एवढेच म्हणाले, “चादर पातळच होती.”

त्या रात्री मी गणनेचा ११ वा अध्याय उघडला. रानात मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएल लोक मिसरातले मासे, काकड्या, कांदे, लसूण आठवून रडतात. मिसरातल्या विटा मात्र कोणाला आठवत नाहीत! पण निर्गमात याच लोकांनी विटा पाडताना आक्रोश केला, तेव्हा देवाने तो ऐकला. ‘तुम्ही उपकार का मानत नाही’ असे त्याने त्यांना विचारले नाही, मोशेला पाठवले. जुलमाखालचे गाऱ्हाणे वेगळे आणि पोट भरल्यावरची कुरकुर वेगळी. मी आजीचे गाऱ्हाणे कुरकुरीत जमा केले होते, आणि कुरकुर तर माझीच चालली होती.

आपण कृतज्ञतेवर बोलतो तेव्हा ती बहुतेक वेळा दुसऱ्याकडून हवी असते. सुनेने मानावी, कामगाराने मानावी, गरिबाने तर मानलीच पाहिजे. पंडिता रमाबाईंचा विचार करा. आईवडील दुष्काळाच्या काळात गमावले, उपाशी पायपीट केली. पुढे १८९६–९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली, विधवा घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. आपण वाचलो ते कशासाठी, याचे उत्तर त्यांनी हाताने दिले. मला वाटते, स्वतःची भूक आठवणारा माणूस दुसऱ्याच्या ‘धन्यवादा’ची वाट पाहत नाही.

आणि तो शब्द तरी आपण घरात कुठे वापरतो? आईने भाकरी वाढली की आपण “धन्यवाद” म्हणतो काय? म्हटले तर तिला वाटेल, पोराचे काहीतरी बिनसले आहे.

जून महिन्यात मी पालीच्या बाजारात होतो. पहिला पाऊस झाला होता, कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने मला हाक मारली. तीच आजी. पहाटेपासून रानात फिरून आणलेल्या जुड्यांतल्या दोन तिने माझ्या पिशवीत कोंबल्या. मी पैसे काढले तर रागावली. चादरीचे नाव तिनेही काढले नाही, मीही नाही. मी निघालो तशी तिने पुन्हा थांबवले आणि मूठभर काकडं वर टाकली. शेवळं खाजरी असतात, त्यांत ही आंबट फळे घालावी लागतात, नाहीतर घसा धरतो.

“हे घालायला विसरू नको,” ती म्हणाली, “नाहीतर घरी जाऊन मला शिव्या देशील.”