विचारणाऱ्याला उत्तर देणारे दुकान



या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्व व्यापारी-कारागिरांचे कोल्हापुरात मनापासून स्वागत करतो. कोणी सोलापूरहून चादरींचे दुकान मुलावर सोपवून आले आहे, कोणी सावंतवाडीहून लाकडी खेळण्यांचे नमुने पिशवीत घालून आणले आहेत. ऐन धंद्याच्या दिवसांत दोन दिवस गल्ल्यावरून उठणे म्हणजे काय, हे मी जाणतो. म्हणूनच आपले येणे मला मोलाचे वाटते.

‘मोठ्या कंपन्यांसमोर छोट्या दुकानाचे मार्केटिंग’ हा परिषदेचा विषय. तो ठरला, तेव्हा मला याच शहरातली एक जुनी हकीकत आठवली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गंगाराम कांबळे यांनी इथे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोणी फिरकेना. मग राजर्षी शाहू महाराज स्वतः त्यांच्या दारात गाडी थांबवू लागले. चहा मागवून पीत आणि सोबतच्या मंडळींनाही देत. महाराजांचा तो लढा माणुसकीचा होता, धंद्याच्या हिशेबात तो मावणार नाही. पण दुकानदार म्हणून मी त्यातून एक गोष्ट शिकलो. माल चांगला असून भागत नाही. ज्याच्या शब्दाला वजन आहे, असा कोणीतरी आपल्या दारात थांबावा लागतो.

आज गिऱ्हाईक दार शोधायला गुगलकडे वळते. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी ही कंपनी सुरू केली. त्यांच्या ‘पेजरँक’ पद्धतीच्या मुळाशीही असाच विचार होता. एखाद्या वेब पानाकडे लिंक देऊन किती जण बोट दाखवतात आणि त्या बोट दाखवणाऱ्यांची स्वतःची पत किती, यावर त्या पानाचे वजन ठरायचे. पुढे त्यात शेकडो गोष्टींची भर पडली. पण विश्वासाचा हिशेब सुटला नाही.

हे न समजल्यामुळे मी एकदा ठेच खाल्ली आहे. ‘गुगलच्या शोधात महिन्याभरात पहिला नंबर, लेखी हमी’ असे सांगून एकाने माझ्याकडून आगाऊ पैसे घेतले आणि कुठल्या कुठल्या भाकड वेबसाइटींवर दुकानाच्या लिंका पेरल्या. नंबर आला नाही, पैसेही परत आले नाहीत. मित्रांनो, पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही. पैसे भरून जी जागा मिळते ती जाहिरातीची. तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी पाटी असते आणि पैसे थांबले की जागाही जाते.

मग आपल्या हातात काय आहे? नकाशावर दुकाने दाखवताना गुगल तीन गोष्टी पाहते, हे त्यांनीच जाहीर केले आहे: विचारलेल्या गोष्टीशी तुमचा संबंध किती, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचे नाव किती झाले आहे. नावात मोठी कंपनी पुढे असेल. पण महाद्वार रोडवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या गल्लीतले दुकान जितके जवळ, तितके परगावचे गोदाम कधीच होणार नाही. ही आपली उपजत ताकद आहे. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकसारखा ठेवा. सोमवारी दुकान बंद असेल, तर गुगलवरच्या नोंदीत तसे लिहा. बंद दारावरून परत गेलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. समाधानी गिऱ्हाइकाला चार ओळींचा अभिप्राय मागायला लाजू नका. मात्र विकतचा अभिप्राय घेऊ नका. तक्रार आली, तर गल्ल्यावर बसून जसे नम्रपणे बोलतो, तसेच उत्तर लिहा.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट सांगतो. माझा धंदा चपलांचा. नुसते ‘चप्पल’ असे शोधणाऱ्यासमोर मी मोठ्या कंपन्यांच्या पुढे जाणार नाही, आणि तो हट्टही नको. पण माणसे तेवढेच विचारत नाहीत. ‘रुंद पावलाला कोल्हापुरी कशी घ्यावी?’, ‘नवी चप्पल चावते, काय करू?’, ‘पावसात भिजली, उन्हात वाळवू का?’ असे ती विचारतात. याची उत्तरे आम्ही रोज तोंडाने देतो. भिजली तर सावलीत वाळवा, कडक उन्हात चामडे तडकते. चावत असेल तर पट्ट्याला आतून तेलाचे बोट फिरवा. अशी दहा उत्तरे स्वतःच्या शब्दांत, मराठीत लिहून काढा आणि सोबत आपल्याच दुकानातले फोटो लावा. मोठ्या कंपनीच्या कार्यालयात बसलेल्याला हे लिहिता येणार नाही, कारण त्याने गिऱ्हाइकाचे पाऊल हातात घेतलेले नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या फॅशन घराण्याने तसलीच चप्पल मिलानच्या मंचावर आणली आणि सगळीकडून प्रश्न येऊ लागले. ही कुठली? कातडे कसे कमावतात? खरी कशी ओळखायची? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडे मुरवणाऱ्या हातांना सगळी उत्तरे ठाऊक होती. पण ती लिहिलेली किती होती? ती खंत मला अजून टोचते. आपली विद्या आपणच नोंदवली नाही, तर जगाला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते.

ही उत्तरे कुठे लिहायची, याबाबत एक सावधगिरी. गुगलवरच्या व्यवसाय नोंदीतून फुकट वेबसाइट बनवण्याची सोय होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान जरूर मांडा, पण साधे का होईना, एक घर स्वतःच्या नावाचे बांधा.

या दोन दिवसांत जाणकार मंडळी हे सारे उलगडून सांगतील. आपण प्रत्येकाने इथून निघताना एकच संकल्प करावा, अशी माझी विनंती आहे. दुकानात परतल्यावर गिऱ्हाईक जो पहिला प्रश्न विचारेल, त्याचे उत्तर रात्री दुकान वाढवण्याआधी लिहून ठेवायचे.