दमलेल्या हृदयाला यंत्राचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



‘हार्ट फेल झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा माणूस गेला एवढाच त्याचा अर्थ असतो. डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, तेव्हा मात्र तो माणूस बहुधा समोर बसून बोलत असतो, कदाचित चहाही पीत असतो. त्याचे हृदय बंद पडलेले नसते, दमलेले असते. शब्दाच्या या घोटाळ्यामुळे काही घरांत उगाच रडारड होते. आणि डॉक्टर पुढे काय सांगतात तिकडे कोणाचे लक्षच राहत नाही. म्हणून आज या दमलेल्या हृदयाला हात देणाऱ्या यंत्रांविषयी बोलायचे योजले आहे.

हृदय हा एक पंप आहे. आपण स्वस्थ बसलेल्या असतानाही तो मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतो. दिवसाकाठी ठोके एक लाखाच्या घरात जातात. झटक्याने स्नायूचा काही भाग निकामी झाला, किंवा विषाणूमुळे, क्वचित बाळंतपणाच्या आगेमागेही तो ढिला पडला, की रक्त पुढे जाईनासे होते आणि मागे तुंबते. मग पावले सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री एका उशीच्या दोन उश्या होतात. बहुतेकांना औषधांनी आराम पडतो. यंत्राचा विचार होतो तो औषधे पुरी पडत नाहीत तेव्हा.

या यंत्रांच्या इतिहासात एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. १९५३ साली फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसे यांचे काम बाहेरून करणारे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, ती अठरा वर्षांच्या मुलीवर. २६ मिनिटे तिचा प्राण सर्वस्वी त्या यंत्रावर होता. ते यंत्र घडवताना डॉक्टरांची पत्नी मेरी प्रयोगशाळेत बरोबरीने राबली होती, हे आपल्या मंडळात तरी सांगितलेच पाहिजे! पुढे १९६६ साली ह्यूस्टनला डॉ. डिबेकी यांनी मेक्सिकोच्या ३७ वर्षांच्या एका बाईला शस्त्रक्रियेनंतर दहा दिवस कृत्रिम पंपाचा आधार दिला. तिचे हृदय सावरले आणि पंप काढून टाकला. १९६७ साली ब्रुकलिनमध्ये डॉ. कँट्रोविट्झ यांनी फुग्याचा पंप प्रथम वापरला, तोही एका स्त्रीवरच.

हा फुगा मोठा युक्तीचा आहे. मांडीच्या धमनीतून तो छातीतल्या महाधमनीपर्यंत सरकवतात. हृदय सैल पडले की यंत्र त्यात हेलियम वायू भरते. फुगलेला फुगा रक्त मागे रेटतो आणि ते हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत अधिक जाते. पुढच्या ठोक्याच्या ऐन आधी फुगा मिटतो, आणि हृदयाला वाट मोकळी होते. मात्र युक्ती सुंदर म्हणून गुण येतोच असे नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तदाब कोसळलेल्या ६०० रुग्णांचा जर्मनीत अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात फुग्यामुळे महिन्याभरातले मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. तेव्हा फुगा घातला म्हणजे संकट टळले, असे धरून चालू नये.

फुगा थोड्या दिवसांचा सोबती. महिने, वर्षे साथ देणारा पंप निराळा. तो हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडून छातीत बसवतात. त्यातले चक्र अखंड फिरते आणि रक्त महाधमनीत पोचवते. त्याची तार पोटाच्या कातडीतून बाहेर येते; ती एका लहान नियंत्रकाला आणि अंगावर वागवायच्या बॅटऱ्यांना जोडलेली असते. प्रवाह अखंड असल्यामुळे अशा माणसाची नाडी पुष्कळदा हाताला लागतच नाही. शेजारी असा कोणी असेल तर हे घरोघर ठाऊक हवे. तो घेरी येऊन पडला आणि नाडी नाही, एवढ्यावरून ‘संपले’ म्हणू नये. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि अंगावर पंप आहे हे फोनवरच सांगावे.

आता घरातली बाजू. तारेच्या भोकाशी मलमपट्टी रोज स्वच्छ हातांनी करावी लागते, कारण तेथूनच जंतू शिरतात. पोहायला बंदी, आंघोळीलाही फार जपणूक. वीज गेली तर भरलेल्या बॅटऱ्या हाताशी हव्यात. रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू असते. त्यामुळे पालक, मेथी आज भारंभार आणि उद्या मुळीच नाही, असे चालत नाही. प्रमाण सारखे ठेवावे. ही सगळी उस्तवार कोण करणार? बहुधा आपल्यापैकीच कोणी. खर्चही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि मिळते काय? अलीकडच्या एका पंपाचा अमेरिकेत १,०२८ रुग्णांवर अभ्यास झाला. तो पंप बसवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांनंतरही हयात होते. पण त्या रुग्णांत स्त्रिया सुमारे एकपंचमांशच! आरंभी ज्या यंत्रांनी बायकांना वाचवले, ती आता बायकांपर्यंत कमी का पोचतात? कारणे अनेक असतील. माझ्या मते एक आपल्या स्वयंपाकघरातच आहे: धाप लागली तर वय झाले, पाय सुजले तर उभे राहून सुजले. मूत्रपिंड आणि यकृत बिघडल्यावर पंपाचा धोका फार वाढतो, कधी डॉक्टर तो बसवतही नाहीत. म्हणून दोन उश्यांची गोष्ट पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांच्या कानावर घालावी.

यंत्राची गोष्ट निघालीच, तर सही करण्यापूर्वी विचारावे, की हे कशाची वाट पाहण्यासाठी? हृदय सावरण्याची, दुसऱ्याचे हृदय मिळण्याची, की जन्मभर याच्यावरच राहायचे? त्यातले काही घडले नाही तर यंत्र बंद करण्याची वेळ कोणी ठरवायची, हेही तेव्हाच बोलावे. आणि रोगी शुद्धीवर असेल तर त्याच्यासमक्ष बोलावे, दाराआड नव्हे.