‘पैसे देऊन आणलेल्या बायका’



आज बचतीचं, कर्जाचं काही सांगणार नाही. मागच्या उन्हाळ्यात टँकर वेळेवर यावा म्हणून आमच्या गटांतल्या चाळीसेक जणी पंचायत समितीवर हंडा मोर्चा घेऊन गेलो होतो. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं, महिलांनी कार्यालयात तोडफोड केली, आणि या महिलांना पैसे देऊन आणल्याची चर्चा आहे. ‘चर्चा आहे’ एवढंच. कोण करतंय चर्चा, कुठं, काही पत्ता नाही.

ते वाचून आमच्या एकीच्या सासऱ्यांनी तिचं मीटिंगला येणं बंद केलं. तीन महिने तिचा हप्ता तिची जाऊ आणून देत होती.

आता तोडफोड म्हणजे काय, तर साहेबांच्या टेबलावरची काच तडकली. ढकलाढकलीत हंडा पडला की कुणी मुद्दाम आपटला, हे आमच्यातच अजून ठरलेलं नाही. दोघी शपथेवर सांगतात मुद्दाम नाही, तिसरी गप्प बसते. आणि पैशाचं म्हणाल तर एक पैसाही कुणी घेतला नाही. पण टेम्पोचं डिझेल गावातल्या एका पुढाऱ्यानं भरलं होतं, आणि आम्ही भरू दिलं होतं. हेही सांगायलाच हवं.

हा आरोप ऐकणाऱ्या आम्ही काही पहिल्या नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तीन कृषी कायद्यांविरुद्ध पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमेवर बसले. भटिंडा जिल्ह्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका शेतकरी आजींचा फोटो तेव्हा सगळीकडे फिरला. कंबरेत वाकलेल्या, हातात झेंडा. अभिनेत्री कंगना रणौत यांनी त्यांना शाहीनबागच्या बिल्किस दादी समजून, या शंभर रुपयांत मिळतात, अशा अर्थाची पोस्ट टाकली आणि नंतर काढून टाकली. बाई दुसरीच होती. आणि बिल्किस दादींबद्दल तरी असं म्हणायला पुरावा कुठं होता? त्या आजी २०२१ च्या जानेवारीत थेट कोर्टात गेल्या, मानहानीची तक्रार घेऊन. आमच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्याच महिन्यातल्या २६ तारखेची गोष्ट टाळ्यांची नाही. ट्रॅक्टर मोर्चातले काही जण ठरलेला रस्ता सोडून लाल किल्ल्यापर्यंत गेले. बॅरिकेड मोडली, पोलीस जखमी झाले. हे घडलं, ते झाकून चालणार नाही. मात्र टीव्हीवर असंही दाखवलं गेलं की आंदोलकांनी तिरंगा उतरवला. तिरंगा जागच्या जागी फडकत होता. शिखांचा निशाण साहिब चढवला तो वेगळ्या, रिकाम्या खांबावर. त्याच दिवशी उलट्या बाजूनंही चूक झाली. एक तरुण शेतकरी गेला, तो पोलिसांच्या गोळीनं गेला असं एका नामांकित पत्रकारानं लिहिलं. शवविच्छेदनात गोळीची जखम आढळली नाही, ट्रॅक्टर उलटून मृत्यू झाल्याचं पोलिसांनी सांगितलं. चॅनेलनं त्या पत्रकाराला दोन आठवडे पडद्यावरून बाजूला ठेवलं. मुलाच्या घरच्यांना मात्र पोलिसांचं म्हणणं पटलं नाही. आमच्यातल्या कितीतरी जणींनी ती गोळीची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली होती. आवडती बातमी होती ना!

तिरंग्याच्या बातमीविरुद्ध तक्रार झाली. वृत्तवाहिन्यांच्या स्वतःच्या तक्रार मंडळानं नोव्हेंबर २०२१ मध्ये एका चॅनेलवर ठपका ठेवला आणि ते व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. तोवर दहा महिने उलटले होते.

पेपरच्या बातमीसाठी प्रेस कौन्सिल आहे. आधी संपादकांना पत्र लिहायचं, नेमकं काय चुकलं ते. तिथं दाद लागली नाही तर कौन्सिलकडे जायचं. दैनिक किंवा साप्ताहिक असेल तर बातमी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कौन्सिल दंड करत नाही, समज देतं, ताशेरे ओढतं. वहीत टिपून ठेवा, आणि पेपरचं पान तारखेसकट जपा.

आम्हीही पत्र लिहिलं. काचेचं आणि डिझेलचं त्यात घालायचं की नाही यावर रात्री दहापर्यंत वाद झाला. निम्म्या जणी म्हणाल्या, आपणच आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? शेवटी दोन्ही लिहिलं, काचेची भरपाई द्यायला तयार आहोत हेही लिहिलं. चार ओळी छापून आल्या, आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली. डिझेलचं वाक्य बरोब्बर ठेवलं होतं! भरपाईचं गाळलं. कुणी पैसे घेतले नाहीत, हे मात्र छापलं.

ते कात्रण आमच्या एका काकू स्वतः त्या सासऱ्यांना दाखवून आल्या. ते म्हणाले, पुढाऱ्याचं डिझेल कशाला घेतलंत? आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती मीटिंगला येते आता, पण मोर्चाला येईल की नाही, माहीत नाही.

यंदाही टँकरसाठी जायचं आहे. टेम्पोचे माणशी तीस रुपये सोमवारपर्यंत आपापल्या गटाच्या अध्यक्षांकडे द्या आणि वहीत सही करा. पत्रकारांशी कोणत्या दोघींनी बोलायचं ते मीटिंगमध्ये ठरवू. हंडे प्लास्टिकचे आणा.